हातापायानं धड आहे, मग दिव्यांग कसा? मानसिक आजाराचं प्रमाणपत्र नाकारल्यावर अपील कसं करायचं

नकाराचं पत्र दीड ओळीचं होतं. दिव्यांगत्व सौम्य, ४० टक्क्यांपेक्षा कमी, लाभासाठी अपात्र. आईनं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि देवघरातल्या पंचांगाखाली ठेवून दिलं. ‘डॉक्टरच नाही म्हणाले, आता काय?’ एवढंच ती म्हणाली. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. तेव्हा त्याच्या आजाराला तेरा वर्षं झाली होती.

ते पत्र म्हणजे शेवट नव्हता, त्यावर अपील करता येतं आणि त्या अपिलाला मुदत असते, हे आम्हाला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. नंतर ओपीडीच्या बाकांवर कितीतरी आयाबाया आणि भाऊबहिणी भेटल्या, त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. त्यात २०२४ मध्ये पुण्यात प्रशिक्षणावर असलेल्या एका आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून वादळ उठलं आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांच्या पडताळण्या सुरू झाल्या. तेव्हापासून ज्याचा आजार डोळ्यांना दिसत नाही, त्याच्याकडे जास्तच संशयानं पाहिलं जातं. म्हणून हा सगळा मामला पायापासून समजून घेऊ.

आजार वेगळा, दिव्यांगत्व वेगळं

डॉक्टर आजाराचं निदान करतात: स्किझोफ्रेनिया, बायपोलर, ओसीडी, तीव्र नैराश्य. बोर्ड, म्हणजे प्रमाणपत्रासाठी तपासणारं सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं मंडळ, मात्र निदानाला टक्के देत नाही. त्या आजारामुळे माणसाचं रोजचं जगणं किती अडलं, याला तो टक्के देतो. विहिरीला पाणी आहे की नाही हा एक प्रश्न झाला. शेत भिजतंय की नाही हा दुसरा. बोर्ड शेत बघतो.

हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सोपं जातं. बरीच कुटुंबं जाडजूड फाइल घेऊन जातात आणि त्या फाइलमध्ये सगळी विहीरच असते. गोळ्यांची नावं, निदानाचा कोड, दाखल झाल्याच्या तारखा. घरात सकाळपासून रात्रीपर्यंत काय घडतं, याबद्दल एक ओळही नसते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यातही होता. म्हणजे ‘मानसिकवाल्यांना सर्टिफिकेट नसतं’ असं खिडकीवर कोणी सांगितलं, तर ते धादांत चूक आहे. बहुतेक लाभांसाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागतं. कायदा त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतो. सगळी लढाई या आकड्याभोवती असते.

हे ४० टक्के येतात कुठून?

मानसिक आजाराचं दिव्यांगत्व मोजायला आपल्याकडे ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं ती तयार केली. तिच्यात चार गोष्टी पाहतात. स्वतःची काळजी, म्हणजे आंघोळ, कपडे, जेवण, स्वतःची तब्येत. माणसांशी संबंध. बोलणं आणि समजणं. आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण, अडचण जितकी जास्त तितके गुण जास्त. हे झाले १६. आजार किती वर्षांचा आहे, याचे वेगळे ४ गुण असतात: दोन वर्षांच्या आत १, दोन ते पाच वर्षं २, सहा ते दहा ३ आणि दहाच्या वर ४. एकूण २० पैकी जी बेरीज येईल ती ठरलेल्या तक्त्यावरून टक्क्यांच्या पट्ट्यात बसवतात. ४० च्या खाली सौम्य, ४० ते ७० मध्यम, त्याच्या वर तीव्र.

यातल्या दोन गोष्टी नीट लक्षात घ्या, कारण अपील बहुधा त्यांच्यावरच फिरतं.

पहिली, वर्षांचे गुण. फाइलमध्ये फक्त गेल्या दीड वर्षाचे कागद असतील तर बोर्ड आजार दीड वर्षाचाच धरणार आणि एकच गुण देणार. घरात आजार तेरा वर्षांचा असला तरी. जुना केसपेपर सापडला की त्या एका कागदावर तीन गुण वाढू शकतात.

दुसरी, ‘काम’ म्हणजे फक्त नोकरी नव्हे. गृहिणीचं घरकाम आणि विद्यार्थ्याचं शिक्षणही या मोजपट्टीत काम म्हणूनच धरलं आहे. ‘बाई घरीच तर असते, तिला कामाचा काय प्रश्न’ असं म्हणून हे कलम कोरं सोडता येत नाही. भाजी चिरायला बसून दोन तासांनी तीच जुडी तशीच हातात असणं, गॅस चालू ठेवून उठून जाणं, म्हणून सासूनं स्वयंपाकघर बंद करणं. हे सगळं त्या चौकटीत बसतं आणि सांगायलाच हवं.

बोर्डासमोरची दहा मिनिटं

आमची चूक इथे झाली आणि ती मी मोकळेपणानं सांगते, कारण जवळजवळ प्रत्येक घर ती करतं.

बोर्डाच्या दिवशी आईनं भावाला पहाटे उठवलं. त्याची दाढी मी केली. नखं कापली, इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं. सिव्हिलमध्ये जायचं, चार मोठी माणसं बघणार, पोरगं नीट दिसायला हवं. आईच्या मनात दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. नंबर लागला. डॉक्टरांनी विचारलं, ‘आंघोळ करतो का?’ आई म्हणाली, ‘करतो.’ ‘जेवतो का?’ ‘हो, जेवतो.’ ‘घरात मदत करतो?’ ‘करतो की साहेब, गुणी आहे.’ भाऊ खाली बघून बसला होता. नाव विचारलं, ते त्यानं बरोबर सांगितलं. संपलं.

आई एकही शब्द खोटा बोलली नव्हती. पण ‘आंघोळ करतो’ याचा अर्थ असा होता: सकाळी आठपासून ती त्याच्या मागे लागते, अकराला तो न्हाणीत जातो, आणि ती दाराबाहेर उभी राहून ‘आता साबण लाव, आता पाणी घे’ म्हणत राहते. तेही आठवड्यातून दोनदा. ‘जेवतो’ म्हणजे ताट फक्त आईनं वाढलं तर. दुसऱ्या कोणी वाढलं तर त्यात काहीतरी घातलंय म्हणून तो हात लावत नाही. ‘मदत करतो’ म्हणजे दिवाळीला एकदा माळ्यावरचा डबा काढून दिला होता.

धक्का मारून चालू होणारी जीप रस्त्यावर धावताना कोणाला वेगळी दिसत नाही. ती चालते का, तर चालते. पण रोज सकाळी धक्का मारायला चार माणसं लागतात, हे मागे उभं राहणाऱ्यालाच माहीत असतं. मोजपट्टी नेमकं हेच विचारते, की आपणहून करतो की कोणी मागे लागल्यावर करतो. म्हणून रोज सांभाळणाऱ्या माणसाची माहिती या मूल्यमापनाचा भाग असते. तो माणूस संकोचानं, मायेनं किंवा लाजेनं ‘सगळं ठीक’ म्हणाला की कागदावर सगळं ठीकच उमटतं.

पुढचे नव्वद दिवस

कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. राज्याच्या नियमांप्रमाणे निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत ते करायचं असतं, आणि अपील मिळाल्यापासून ६० दिवसांत त्याचा निकाल लागायला हवा. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यानं तुम्हाला बाजू मांडायची संधी द्यायची असते आणि आदेश कारणांसह लेखी द्यायचा असतो. रुग्णाला स्वतः अपील करणं शक्य नसेल तर त्याच्या वतीनं पालक करू शकतात.

हे अधिकारी राज्य सरकार अधिसूचनेनं नेमतं. नकाराच्या पत्रावर त्यांचा उल्लेख नसेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा आणि त्या अर्जाची आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी विचारलंत तर तीन खिडक्या फिराल आणि हातात काही राहणार नाही.

पहिल्याच आठवड्यात आणखी दोन अर्ज टाकून द्या. एक माहिती अधिकाराचा, दहा रुपये फी भरून: माझ्या मूल्यमापनाच्या गुणपत्रकाची प्रत द्या. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून उशीर करू नका. कोणत्या कलमात किती गुण दिले हे कळल्याशिवाय अपील म्हणजे अंधारात दगड मारणं. दुसरा अर्ज जिथे जिथे उपचार झाले तिथे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाला स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मिळण्याचा हक्क आहे, त्याचा उल्लेख करा. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात, गोव्यात असाल तर बांबोळीला, पूर्वी कधी दाखवलं असेल तर ते कागद सोन्यासारखे आहेत. आमचा सर्वात जुना केसपेपर २००८ चा होता. तो सापडला आईच्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीत, जरीच्या साडीखाली, त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेला टाचणीनं लावलेला.

मग वही. एका वहीत तीन आठवडे रोजच्या दिवसाची नोंद करा. मत लिहू नका, घडलं ते लिहा. ‘त्याची अवस्था फार वाईट आहे’ या वाक्याला बोर्डापुढे वजन नाही. ‘मंगळवार. आठ वेळा सांगितल्यावर साडेबाराला तोंड धुतलं. शेजारचे काका आले तेव्हा आतून कडी लावली, संध्याकाळी सहाला उघडली. रात्री दोनला अंगणात कोणाशी तरी बोलत होता’ या नोंदीला आहे. आईचं अक्षर वाकडंतिकडं, पण तिची ती वही दहा प्रमाणपत्रांच्या बरोबरीची होती.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पत्र घेताना त्यांना नुसतं ‘सर्टिफिकेट द्या’ म्हणू नका. वही दाखवा आणि त्या चार गोष्टींवर प्रत्येकी दोन ओळी लिहून मागा. बहुतेक डॉक्टर आनंदानं देतात. ओपीडीत पाच मिनिटांत त्यांना घरातलं कुठून कळणार?

अपिलाचा अर्ज लांबलचक नको. पार्श्वभूमी थोडक्यात आणि हरकतीचे मुद्दे. आमच्या अर्जाचा गाभा असा होता: ‘मूल्यमापनात आजाराचा कालावधी दोन वर्षांपेक्षा कमी धरला आहे. सोबत जोडलेल्या २००८ च्या केसपेपरवरून तो तेरा वर्षांचा असल्याचे दिसते. स्वतःची काळजी या बाबीत सतत द्यावी लागणारी सूचना व देखरेख विचारात घेतलेली नाही. काम या बाबीत अर्जदाराने २०१० नंतर एकही नोकरी महिनाभर टिकवलेली नाही हे नोंदवलेले नाही.’ सोबत नकाराच्या पत्राची प्रत, जुने कागद, वहीच्या पानांच्या झेरॉक्स आणि डॉक्टरांचं पत्र. समक्ष देऊन पोच घ्यायची किंवा स्पीड पोस्टानं पाठवून पावती जपायची.

पहिल्यांदा भावाला २० पैकी ६ गुण होते. अपिलात १३ झाले आणि तो ४० ते ७० च्या पट्ट्यात आला. तो तोच माणूस होता, आजारही तोच. चार गुण स्वतःची काळजी, संबंध आणि काम यांतले वाढले, उरलेले तीन त्या पेटीतल्या कागदाचे.

‘गोळ्या घेऊन तर बरा आहे की’

हा प्रश्न बोर्डही विचारतो आणि नातेवाईकही. मानसिक आजार बहुधा चढउताराचा असतो. आपल्याकडच्या गावओढ्यासारखा. मे महिन्यात बघाल तर नुसती वाळू, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. जुलैत एसटी पलीकडे जाऊ शकत नाही. त्या ओढ्याला पूल हवा की नको, हे मे महिन्यात येऊन ठरवलं तर पावसाळ्यात गावाचं काय होईल?

म्हणून या मोजपट्टीत गेल्या दोन वर्षांत किती महिने त्रास होता, हेही पाहतात. बोर्डाच्या दिवशी पात्र कोरडं असेल तर पुराचे महिने तुम्हीच कागदानिशी दाखवायचे. दाखल केल्याच्या तारखा, गोळ्यांचा डोस वाढवल्याच्या चिठ्ठ्या, कामावरून काढल्याचं पत्र. गोळ्यांनी कानात ऐकू येणारे आवाज कमी होतात हे खरं. पण त्याच गोळ्यांनी दिवसभर झापड येते, हात थरथरतात, अंग जड होतं. तेही सांगायचं असतं.

‘पण खोटी प्रमाणपत्रं इतकी निघतात. कडक नको का व्हायला?’

व्हावं. खोटेपणानं लाभ घेणाऱ्याला याच कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. खोट्या माणसानं घेतलेली जागा माझ्या भावासारख्याचीच असते, त्यामुळे त्याचा राग आम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे. पण कडक तपासणी म्हणजे नीट तपासणी. दहा मिनिटांत, कपडे बघून, जुने कागद न मागता दिलेला नकार कडक नसतो, घाईचा असतो. पैसे आणि ओळख असलेला माणूस त्या घाईतूनही वाट काढतो. अडकून पडते ती पेटीतून कागद शोधणारी आई.

‘शिक्का बसला तर लग्न, नोकरी, जमीन?’

ही भीती खोटी नाही, मी तिला नावं ठेवणार नाही. प्रमाणपत्र काढणं कोणावर सक्तीचं नाही आणि ते घराबाहेर लावायची पाटीही नाही. कायद्यानं मात्र त्यामुळे काही हिरावून घेतलं जात नाही. जमीन नावावर असणं, बँक खातं चालवणं, वारसा या सगळ्यांत दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीची आहे, असं २०१६ चाच कायदा सांगतो. भाऊबंदांनी ‘सर्टिफिकेट काढलंस ना, आता सातबाऱ्यावरून नाव काढ’ म्हटलं तर घाबरू नका.

नोकरीत उलट आधार मिळू शकतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १७ डिसेंबर २०२१ ला निकाल दिला. ज्या वागण्यावरून शिस्तभंगाची कारवाई केली, त्यामागे मानसिक दिव्यांगत्व हे एक कारण असेल, तर ती कारवाई अप्रत्यक्ष भेदभाव ठरते, असा त्याचा गाभा. आजार लपवत नोकरी करणाऱ्या किती घरांना हे माहीत आहे?

३९ टक्के म्हणजे शून्य का?

नाही. आरक्षण, पेन्शन यांना ४० लागतात. पण कायद्यात दिव्यांग व्यक्ती आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती या दोन वेगळ्या व्याख्या आहेत. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका स्पर्धापरीक्षार्थीला सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ ला लेखनिक घेण्याचा हक्क दिला, त्याचे ४० टक्के भरत नसतानाही. वाजवी सोयी मागायला आकड्याची अट नाही, हे तिथे स्पष्ट झालं. ४० च्या खालचं प्रमाणपत्रही म्हणून फेकू नका.

पैसा तहसीलमध्ये अडला तर

हा नकार वेगळा, तिथे बोर्डाविरुद्धचं अपील उपयोगाचं नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिन्याला २,५०० रुपये मिळतात. ही वाढ २०२५ मधली, आधी १,५०० होते. दिव्यांगाच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र ५०,००० रुपये आहे. तेवढ्यात आजच्या काळात कोण बसतं, हा प्रश्न सरकारला विचारायलाच हवा. इथले नकार बहुतेक उत्पन्नाच्या दाखल्यावर, राज्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्यावर किंवा नावातल्या फरकावर होतात. कारण लेखी मागा आणि तेवढाच कागद दुरुस्त करा. केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला तर ८० टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, आणि त्यात केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपयांचा आहे.

अपीलही फेटाळलं तर

उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. कारणं न देता किंवा म्हणणं न ऐकता आदेश दिला असेल तर हा मुद्दा भक्कम ठरतो. वकिलाच्या फीला घाबरू नका. दिव्यांग आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा त्यांचा देशभरचा फोन आहे. अपिलाचा अर्जच कोणी लिहून देईना, तरी तिथे जा. कार्यालय दादच देत नसेल तर पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे तक्रार करता येते. आणि आजार बळावला, नवे कागद हाती आले, तर नव्यानं अर्ज करायला कोणी अडवू शकत नाही.

प्रमाणपत्र हातात पडलं की त्यावर मुदतीची तारीख आहे का, ते आधी बघा. मानसिक आजारात बऱ्याचदा ते तात्पुरतं असतं आणि मुदत संपायच्या आत पुन्हा तपासणीला जावं लागतं. आमच्याकडे ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलेली असते. कॅलेंडर बदललं की आई ती नव्या पुठ्ठ्यावर उतरवते.